स्पेन आणि दक्षिण फ्रान्सच्या सहलीत चांगलं रेस्टॉरंट कसं शोधायचं?

सहल आखताना विमानाची तिकिटं, हॉटेलं, रेल्वे सगळं महिना-दोन महिने आधी ठरतं. जेवणाचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलं जातं. स्पेन आणि दक्षिण फ्रान्समध्ये ही सवय महागात पडते. तिथे चांगलं जेवण गल्लोगल्ली मिळतं, पण ते ठरावीक वेळेला, ठरावीक वारी आणि त्या-त्या गावाच्या पद्धतीनेच मिळतं. वेळ आणि वार सांभाळलेत, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने पाळाव्यात.

पहिली पायरी : जेवणाच्या वेळा पक्क्या करा

दोन्ही देशांत घड्याळ एकच वेळ दाखवतं, पण जेवणं जवळजवळ दोन तासांनी मागेपुढे होतात. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण 12 ते 2. लहान गावात दीडनंतर पोहोचलात, तर टेबलं रिकामी दिसत असूनही ‘स्वयंपाकघर बंद झालं’ असं उत्तर मिळू शकतं. रात्रीचं जेवण साडेसात ते साधारण साडेनऊ. स्पेनमध्ये दुपारी दोनला कुठे गर्दी सुरू होते आणि चारपर्यंत चालते. रात्री नऊच्या आधी जेवायला बसणारा बहुधा परदेशी असतो. दहा वाजता लहान मुलांसकट कुटुंबं जेवताना दिसतील. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

रात्री आठ-साडेआठला जेवायची सवय असलेल्या आपल्या लोकांना फ्रान्समधली रात्र सोयीची जाते. स्पेनमध्ये मात्र मुख्य जेवण दुपारीच घ्यावं आणि संध्याकाळी बारमध्ये थोडं थोडं खावं. वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हा नियम मोडू नका. संध्याकाळी साडेसहाला ‘पूर्ण जेवण तयार’ असं सांगणारं ठिकाण स्पेनमध्ये दिसलं, तर ते फक्त पर्यटकांच्या भरवशावर चालतं असं धरून चाला.

सीमा ओलांडायच्या दिवशी हे गणित आणखी नीट मांडावं लागतं. सान सेबास्तियानहून फ्रान्समधलं बायोन जेमतेम 55 किलोमीटरवर आहे. स्पेनच्या सवयीने आरामात निघून दोन वाजता बायोनला टेकलात, तर उपाशी राहाल. साडेअकराला निघा आणि साडेबाराला जेवायला बसा. उलट दिशेने जाणाऱ्याचं फावतं. पर्पिन्यांहून दुपारी बाराला निघून जिरोनाला पोहोचलात, तर तिथलं जेवण अजून सुरूही झालेलं नसतं. म्हणून ज्यांच्या हातात मार्ग ठरवणं आहे, त्यांना मी सीमा फ्रान्सकडून स्पेनकडे ओलांडायला सुचवते.

दुसरी पायरी : वार आणि महिना बघा

रविवारची रात्र आणि सोमवार हे दोन्ही देशांत सुट्टीचे. घरच्या माणसांनी चालवलेली, म्हणजे आपल्याला हवी असलेली ठिकाणं नेमकी तेव्हाच बंद असतात. मासळीच्या बाबतीत सोमवार आणखी अवघड, कारण रविवारी बहुतेक बोटी बाहेर पडत नाहीत. सहलीच्या तक्त्यात रविवार आणि सोमवारवर आधीच खूण करा आणि त्या दोन दिवसांचं जेवण वेगळं ठरवा. माद्रिदसारख्या आतल्या शहरांत ऑगस्टमध्ये कितीतरी मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्रकिनारी जातात. किनाऱ्यावरच्या गावांचं याच्या बरोबर उलटं असतं : ऑगस्टमध्ये तुडुंब आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अर्धं गाव बंद.

तिसरी पायरी : त्या गावात काय शिजतं ते आधी वाचून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आधी पदार्थ ठरवा, मग तो करणारं ठिकाण शोधा. ‘बार्सेलोनातली उत्तम दहा रेस्टॉरंटं’ अशा याद्यांपेक्षा हा रस्ता फार भरवशाचा आहे. स्पेन म्हटलं की सगळीकडे पाएया मागायचा, ही नवख्यांची हमखास चूक. पाएया हा भाताचा पदार्थ व्हॅलेन्सियाचा. कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो आणि केशर घालून पसरट कढईत तो शिजतो. व्हॅलेन्सियाचे लोक तो दुपारीच खातात. भातासारखा जड पदार्थ रात्री नको, हे त्यांचं ठाम मत. तो किमान दोघांसाठीच करतात आणि ऑर्डर दिल्यावर निदान अर्धा तास थांबावं लागतं. पाच मिनिटांत समोर आला तर तो आधीच करून ठेवलेला. कढईच्या बुडाला लागलेली खरपूस खरवड, म्हणजे सोकारात, ही त्यातली खरी मेजवानी. एक दिवस काढता आला तर शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावी जा. चहूबाजूंना भातशेती आहे आणि गावातली बहुतेक रेस्टॉरंटं भातावरच चालतात.

उत्तरेला सान सेबास्तियानच्या जुन्या भागात पिंचो खायचे. बारच्या काउंटरवर मांडलेल्या छोट्या पदार्थांनी डोळे भरतात, पण तिथले जाणकार काउंटरवरचं एखादंच उचलतात आणि फळ्यावर लिहिलेले गरम पदार्थ मागवतात, कारण ते मागितल्यावर करतात. एका बारमध्ये एक-दोन पदार्थ, मग पुढचा बार. पहिल्याच ठिकाणी पोट भरलंत तर गावाची खरी पद्धत हुकली. लोग्रोन्योच्या काये लाउरेल या गल्लीत हे आणखी सोपं आहे, कारण तिथले बरेच बार एकाच पदार्थासाठी ओळखले जातात. शेजारचा माणूस काय खातोय ते बघा आणि तेच मागा. ग्रानादात प्रत्येक पेयाबरोबर एक तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो. पेय म्हणजे दारूच असायला हवी असं नाही, पण काय येणार ते बहुधा बारवाला ठरवतो. शाकाहारी असाल तर पेय मागतानाच सांगा.

फ्रान्समध्ये शिरलात की तुलूझ, कार्कासोन आणि कास्तेलनोदारी ही तीन गावं कासुले आपलाच म्हणून भांडतात. पांढरे घेवड्याचे दाणे, बदक आणि डुकराचं मांस मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवून तो करतात. फार जड पदार्थ आहे. जुलैच्या उन्हात त्याच्या वाटेला जाऊ नका. तुलूझमध्ये दुपार असेल तर व्हिक्तोर ह्युगो मंडईत वरच्या मजल्यावर छोटी रेस्टॉरंटं आहेत. खाली विकलेलं मांस-मासळी वर शिजतं आणि भोवती गावातलीच माणसं जेवत असतात. शिंपले आवडणाऱ्यांनी सेतजवळच्या बूझिग गावी थांबावं. ‘तो’ नावाच्या सरोवरात वाढवलेले कालवे तिथेच काठावर बसून खाता येतात.

मार्सेचा बुयाबेस हा मच्छीमारांचा मासळीचा रस्सा. आज तो स्वस्त राहिलेला नाही. मार्सेच्या काही रेस्टॉरंटवाल्यांनी 1980 मध्ये एक सनद करून त्यात कोणते मासे हवेत आणि तो कसा वाढावा ते ठरवलं : मासे निदान चार जातींचे, आणि ते गिऱ्हाइकासमोर कापून द्यायचे. आधी रस्सा, त्याबरोबर भाजलेला पाव आणि लसणीची केशरी रूय चटणी, मग मासे. अशा बुयाबेसला माणशी 60 युरो किंवा त्याहून जास्त पडतात आणि बऱ्याच ठिकाणी तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. जुन्या बंदरावर वीस युरोंत ‘बुयाबेस’ असा फलक दिसला तर पुढे चला. तेवढ्या पैशांत मार्सेतच साधी भाजलेली मासळी छान मिळते.

चौथी पायरी : नावं कुठून मिळवायची

मिशलिन गाइड म्हणजे फक्त तारे आणि न परवडणारी बिलं, असा समज आहे. 1900 मध्ये टायरच्या कंपनीने मोटारवाल्यांसाठी काढलेल्या या पुस्तकाचं आज फुकट ॲप आहे. त्यात ‘बिब गुर्मां’ अशी एक खूण असते. चांगलं जेवण बेताच्या दरात देणाऱ्या ठिकाणांना ती 1997 पासून दिली जाते. आपल्याला हवी ती हीच. आधी ती शोधा, मग ताऱ्यांकडे वळा.

स्पेनमध्ये याहून उपयोगी मला रेप्सोल गाइड वाटतं. 1979 पासून ते निघतं आणि ताऱ्यांऐवजी सूर्य देतं. त्यातच ‘सोलेते’ नावाची एक वेगळी यादी असते : साधे बार, आइस्क्रीमची दुकानं, कोपऱ्यावरची खानावळ. दारावर सोलेतेचा पिवळा स्टिकर दिसला तर बिनधास्त आत जा.

फ्रान्समध्ये दोन खुणा ओळखायला शिका. ‘मेत्र रेस्तोरातर’ ही सरकारी मान्यतेची पदवी ताज्या मालापासून स्वतः स्वयंपाक करणाऱ्यांना मिळते. दुसरी ‘फे मेझों’, म्हणजे इथेच केलेलं. 2014 पासून त्यासाठी घराचं छप्पर असलेल्या भांड्याचं चित्र वापरतात. मात्र कच्ची, पण गोठवलेली भाजी किंवा मासळी वापरूनही ही खूण लावता येते, म्हणून तेवढ्याच जोरावर निर्णय घेऊ नका.

गुगलवरचे गुण बघायला हरकत नाही, पण आकडा बघून थांबू नका. स्थानिक भाषेतले अभिप्राय वेगळे काढा, सगळ्यात नवे आधी लावा आणि भाषांतर करून वाचा. इंग्रजी अभिप्रायांत सहसा नजारा आणि वेटरचं हसू यांचं कौतुक असतं. स्पॅनिश माणूस क्रोकेता (तळलेला छोटा रोल) आतून गार होती का, भात किती शिजला होता, हे लिहितो. आचारी बदलला, मालक बदलला की सहा महिन्यांत सगळं बदलतं, म्हणून जुने अभिप्राय सोडून द्या.

आणि गावात पोहोचल्यावर विचारा. प्रश्न ‘चांगलं रेस्टॉरंट कोणतं?’ असा विचारला की समोरचा पर्यटकांसाठीचं नाव सांगतो. ‘रविवारी घरच्यांबरोबर तुम्ही कुठे जेवता?’ असं मंडईतल्या भाजीवाल्याला किंवा चीज विकणाऱ्या बाईला विचारा.

पाचवी पायरी : दारात उभं राहून एक मिनिट वाचा

फ्रान्समध्ये दरपत्रक बाहेर लावणं सक्तीचं आहे आणि स्पेनमध्येही ते बहुतेक ठिकाणी असतं. खडूने फळ्यावर लिहिलेले चार-पाच पदार्थ, कागदावर आजची तारीख, एकच किंवा फार तर दोन भाषा, ही शुभ लक्षणं. सहा भाषा, प्रत्येक पदार्थाचा रंगीत फोटो, पाएया-पिझ्झा-बर्गर एकाच पानावर आणि दारात उभा राहून हाका मारणारा माणूस, ही पुढे चालायची खूण. बार्सेलोनात ला राम्ब्ला, माद्रिदचा प्लासा मायोर, नीसचा समुद्राकाठचा रस्ता अशा ठिकाणी फक्त जागेचं भाडं आपल्या ताटातून वसूल होतं. तीन गल्ल्या आत शिरा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

स्पेनच्या बारमध्ये जमिनीवर पडलेले कागदी रुमाल बघून नाक मुरडू नका. गर्दीच्या जुन्या बारमध्ये ते असायचेच.

सहावी पायरी : पैसे दुपारी खर्च करा

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा. स्पेनमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘मेनू देल दिया’ मिळतो : पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव आणि बहुतेक ठिकाणी पाणी किंवा वाइनचा ग्लास. शहराप्रमाणे साधारण 13 ते 18 युरो. 1960 च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने सक्तीच्या केलेल्या ठरावीक दराच्या जेवणातून ही पद्धत रुळली. आज ती मुख्यतः तिथल्या नोकरदारांची आहे. म्हणून ऑफिसं असलेल्या भागात, सव्वादोनच्या सुमाराला, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं जिथे शिरतात तिथे शिरावं.

फ्रान्समध्ये हेच ‘फोर्म्युल’ किंवा ‘प्ला द्यु जूर’ या नावाने मिळतं, 16 ते 25 युरोंच्या आसपास. तिथे ‘मेन्यु’ म्हणजे ठरावीक दराचं पूर्ण जेवण. पदार्थांची यादी हवी असेल तर ‘ला कार्त’ मागा. एकदा तरी ताऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये जायची इच्छा असेल, तर ती आठवड्याच्या दिवशी दुपारी पुरवा. तोच आचारी, तेच स्वयंपाकघर, आणि बऱ्याच ठिकाणी दर रात्रीपेक्षा खूपच कमी.

गाडीने फिरत असाल तर फ्रान्सच्या महामार्गावर लाल-निळं गोल चिन्ह शोधा. ते ‘रुतिए’चं, म्हणजे ट्रकवाल्यांच्या खानावळीचं. 1934 मध्ये सुरू झालेली ही साखळी आजही पोटभर, स्वस्त जेवण देते.

सातवी पायरी : शाकाहारी असाल तर

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. स्पेनमध्ये हाम, म्हणजे ‘हामोन’, आणि टुना मासा हे अनेकांच्या लेखी मांसात धरलेच जात नाहीत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या कोशिंबिरीवर टुना असतो. साल्मोरेखो या गार टोमॅटो सुपावर अंडं आणि हामोन भुरभुरतात. मसुराची आमटी, लेन्तेखास, चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज घालून शिजते. क्रोकेतांत बहुधा हामोन असतो. म्हणून नावं घेऊन सांगा : ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस, मासे, हामोन नको. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’. भाज्यांचा पाएया मागवताना ‘काल्दो’, म्हणजे ज्या पाण्यात तो शिजला ते कशाचं, हेही विचारा. फ्रान्ससाठी हीच वाक्यं फ्रेंचमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि वेटरला दाखवा. घाईत उच्चार चुकण्यापेक्षा ते बरं.

युरोपच्या कायद्याने 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात मासे, कोळंबीसारखे कवचवाले प्राणी, शिंपले आणि अंडी येतात, म्हणून ती यादी मागितली की बरंच कळतं. मांस मात्र त्या यादीत नाही, तेवढं तोंडीच विचारावं लागतं.

आता निवांत खाण्यासारखं. स्पेनमध्ये मीठ लावून तळलेल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या (एखादी तिखट निघते), टोमॅटो चोळलेला कातालान पाव, भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, सेव्हियाचा हरभरे घातलेला पालक, कोर्दोबात उसाच्या काकवीबरोबर मिळणारी तळलेली वांगी. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया कुठेही मिळते. दक्षिण फ्रान्समध्ये नीसची सोका तर आपल्या घरची वाटावी : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तव्यावर भाजलेलं, वर भरपूर मिरपूड. बेसनाचं धिरडंच, फक्त कडेने करपलेलं आणि आत मऊ. जुन्या नीसमध्ये ती हातात कागदावर घेऊन गरम असतानाच खायची. मार्सेची पानीस याच पिठाची, तळलेली. भाज्यांची रातातुई सर्वत्र मिळते. पिसालादिएर (कांदा घातलेला भाजलेला पाव), तापेनाद (ऑलिव्हची चटणी) आणि नीसचं सॅलड यांत मात्र अँकोव्ही मासे असतात, फसू नका.

गोमांस वर्ज्य असेल तर हे शब्द पाठ करा : फ्रान्समध्ये ‘बफ’, ‘व्हो’, ‘तोरो’ आणि प्रोव्हान्समधला ‘दोब’, स्पेनमध्ये ‘तेर्नेरा’, ‘बुए’ आणि ‘राबो दे तोरो’.

आठवी पायरी : टेबल राखून ठेवा

शुक्रवार-शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार यांसाठी दोन-तीन दिवस आधी. ‘द फोर्क’ हे ॲप दोन्ही देशांत चालतं; लहान ठिकाणी फोन किंवा आदल्या दिवशी जाऊन सांगणं उत्तम. बेत बदलला तर नक्की कळवा. आठ टेबलांच्या रेस्टॉरंटला एक रिकामं टेबल फार जड जातं. तापा-पिंचोच्या बारमध्ये हे काही लागत नाही. दुपारी एकला किंवा रात्री आठला, गर्दीच्या थोडं आधी जा.

नववी पायरी : बिल

फ्रान्समध्ये सेवेचे पैसे दरातच धरलेले असतात, पावाचे वेगळे लावत नाहीत, आणि ‘यून काराफ दो’ म्हटलं की नळाच्या पाण्याची सुरई फुकट येते. स्पेनमध्ये 2022 च्या कायद्याने नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, पण ‘आग्वा देल ग्रिफो’ असं स्पष्ट सांगितलं नाही तर बाटली येते. पावाचे पैसे लागू शकतात आणि बाहेरच्या टेबलावर बसलं की दर थोडे चढतात. टिप दोन्हीकडे ऐच्छिक. मन भरलं तर युरो-दोन युरो ठेवतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण जेवलेल्या माणसाला उठवणं तिथे असभ्य समजतात. स्पेनमध्ये ‘ला कुएन्ता, पोर फावोर’, फ्रान्समध्ये ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’.

आणि सगळंच बंद असेल त्या दिवशी

रविवारची रात्र आणि सोमवार यांची सोय रविवारी सकाळीच करून ठेवा. नार्बोनची जुनी मंडई रविवारीही दुपारपर्यंत चालू असते. इतर गावांतही रविवारच्या बाजाराची चौकशी हॉटेलवर आदल्या दिवशी करा. दोन प्रकारचं चीज, टोमॅटो, ऑलिव्ह, फळं आणि बेकरीतला सकाळचा पाव घेतला की चौघांचं जेवण होतं. सुरी आणि मिठाची पुडी बॅगेत ठेवा, पण विमानप्रवासात सुरी चेक-इनच्या सामानात टाकायला विसरू नका. फ्रान्समध्ये बेकऱ्याही आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात आणि कोणते ते दारावर लिहिलेलं असतं. गावात पोहोचल्या संध्याकाळी तेवढं वाचून घ्या.